तुरीच्या सुगीतली दानूता

तूर वाळली की वाजते. मार्गशीर्षातला कोरडा वारा शेतावरून गेला, की शेंगांतले दाणे खुळखुळायला लागतात. आळंदच्या शाळेत शिकवून मी घरी येते तेव्हा बांधाच्या अलीकडूनच तो आवाज कानावर येतो आणि कळतं, की आता विळ्यांना धार लावायची वेळ आली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला हा आवाज फार आवडायचा. माझं माहेर उदगीरकडचं. तूर तिकडंही असते, पण नजर पोचेल तिथपर्यंत नुसती तूरच तूर मी इथंच पाहिली. अजूनही आवडतो म्हणा तो आवाज. फक्त आता त्याच्या पाठोपाठ पोलंडमधली एक बाई आठवते आणि जिवाला चुटपुट लागून राहते.

कुणी म्हणेल, कुठं तूर आणि कुठं पोलंड. खरंच आहे. पण एक सुगी अशी गेली, की आमच्या घरात पावसापाण्याच्या आधी त्या बाईची चौकशी व्हायची. दानूता आज जेवली का, दानूताला झोप लागली का, दानूताचा अभ्यास कुठवर आला. सासरे, ज्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणतो, ते तर सकाळी दात घासता घासता विचारायचे.

ती आमच्या घरात आली रेणुकामुळं. रेणुका माझी नणंद, घरातलं शेंडेफळ. कडगंचीच्या विद्यापीठात तिनं इंग्रजीत एमए केलं आणि नोकरीची वाट बघत घरी बसली. मराठी शाळेत शिकलेली मुलगी, पण इंग्रजी शब्दांचं तिला लहानपणापासून वेड. नवा शब्द सापडला की दिवसभर तो तोंडात घोळवत हिंडायची. भाकरी थापताना म्हणायची, वैनी, 'मेटिक्युलस' म्हंजे ठावं हाय का, तुम्ही तांदूळ निवडताव तसं. मी म्हणायची, बाई गं, तो शब्द खाली ठेव आणि तवा बघ, भाकर करपायलीय.

मग मोबाईलवर तिला एका कंपनीचं काम सापडलं. पोलिश बोलणाऱ्या लोकांना वरच्या इयत्तेचे इंग्रजी शब्द शिकवायचे. पाणी, रस्ता, भूक हे त्यांना येतच असतं. त्यांना हवे असतात त्याच्या पुढचे शब्द. मन नसताना केलेलं, दोन्हीकडं ओढ असलेलं, डगमगून पुन्हा उभं राहिलेलं, असल्या गोष्टींना एकाच शब्दात पकडणारे. आमच्या गावातल्या पोरीनं पोलंडच्या माणसांना इंग्रजी शिकवायचं, याची घरात आधी थट्टाच झाली. अप्पांनी विचारलं, "तिथं तूर पिकती का?"

"न्हाई अप्पा, तिथं बर्फ पडतंय."

"मग डाळ काय खात्यात?" म्हणाले, आणि डाळीवाचून जगणाऱ्या त्या माणसांची त्यांना मनापासून काळजी वाटली.

घरात रेंज धड येत नाही. घराला लागूनच शेत आहे, आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली मात्र फोन नीट चालतो. तिथं बाज टाकलेली. बाजेच्या एका टोकाला रेणू मोबाईल उभा करून बसायची, दुसऱ्या टोकाला अप्पा तुरीची राखण करत. शाळेतून आले की मीही ओल्या शेंगा सोलायला तिथंच टेकायची. सोल्यांची आमटी करायची असली की दाणे पुष्कळ लागतात आणि सोलता सोलता दुपार सरते. आमची दुपार ही दानूताची सकाळ. तिच्या गावातल्या लहानशा दवाखान्यात ती नर्स होती. रात्रपाळी करून आलेली, तोंड धुतलेलं, केस मागं बांधलेले, हातात चहाचा मोठा पेला. पन्नाशी कधीच ओलांडलेली. नवरा पूर्वीच गेलेला. एकुलती एक लेक आयर्लंडला, आणि ती पोटुशी.

सगळी गोष्ट त्या लेकीसाठी होती. लेकीच्या गावातल्या दवाखान्यात दानूताला कामावर घ्यायला तयार होते. राहायला खोलीही मिळणार होती. अट एकच, की उन्हाळ्याच्या आत इंग्रजीची वरची परीक्षा पास व्हायची, बोलण्याच्या भागासकट. लेकीच्या संसारात पाहुणी म्हणून पडून राहणं दानूताला नको होतं. आपल्या कमाईवर, आपल्या खोलीत, पण लेकीच्या हाकेच्या अंतरावर राहायचं होतं. बाळाला न्हाऊ घालायला सकाळी जायचं आणि मग ड्यूटीवर. हे तिनं पहिल्याच दिवशी रेणूला सांगितलं आणि त्याच दुपारी आमच्या सगळ्या घराला कळलं. त्या दिवसापासून ती परीक्षा आमच्याही घराची झाली.

रेणू शिकवायची मोठी गमतीनं. उदाहरणं सगळी डोळ्यांसमोरची. 'रिलक्टंट' म्हणजे काय, तर दिवाळीपासून बसून खाल्लेल्या बैलाच्या मानेवर जू ठेवायला गेलं की तो पाय आखडतो, तसा. रेणूनं आपल्या ढवळ्याकडं बोट दाखवलेलं पाहून अप्पांनी विचारलं, "माझ्या बैलाचं काय सांगायलीस गं तिला?" रेणूनं सांगितलं, तर म्हणाले, "ढवळ्या तसला न्हाई. दुसऱ्याच्या बैलाचं नाव सांग." पलीकडं दानूता हसून म्हणाली, की परीक्षेला जाणारी मी अशीच रिलक्टंट. एकदा 'रिग्रेट' आणि 'रिमोर्स' यांत फरक काय, यावर त्यांचं घोडं अडलं. दानूता म्हणे, आमच्याकडं एकच शब्द, झाल. गेलेल्या माणसाचा झाल, न केलेल्या कामाचा झाल, कुणाविषयी मनात अढी राहिली तर तोही झाल. रेणूनं मला विचारलं, मराठीत किती? मी मराठीची बाई. शेंगा सोलता सोलता तोऱ्यात सांगितलं, खंत, हळहळ, रुखरुख, पश्चात्ताप, हवे तेवढे घे. भरल्या घरातल्या माणसानं ताटात वाढावं तसे मी ते शब्द वाढले होते. त्यांची गरज पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दानूताचं दुखणं वेगळंच होतं. वाचायला दिलं की तिला सगळे शब्द ओळखू येत. लिहायला दिलं की बरोबर जागी पडत. बोलताना मात्र वाक्य निम्म्यावर यायचं आणि ती थांबायची. गालावर लाली चढायची, हात वर जायचा, बोटं हवेतून काहीतरी तोडून घ्यायला बघायची. अशा वेळी थांबायचं, असा कंपनीचा नियम होता. शिकवणाऱ्यानं इंग्रजीच बोलायचं, आणि शिकणारा अडला तर गप राहून वाट बघायची. सुरुवातीला रेणू बघायची वाट. पण तिचाच जीव वर-खाली व्हायचा. रात्री जेवताना म्हणाली, "वैनी, ती अडली की मला बघवंना. माणूस बुडायलंय आन् आपण काठावर उभं ऱ्हायचं व्हय?"

अप्पा जेवता जेवता थांबले. "कामून त्या बाईला तरास द्यायलीस? तिच्या बोलीत सांग की."

आता हे अप्पांचं म्हणणं इथल्या माणसालाच कळेल. आमच्या या सीमेवरच्या पट्ट्यात समोरच्याच्या बोलीत जायचं, ही माणुसकीची पहिली पायरी. आम्ही घरात मराठी बोलतो. भिंतीपलीकडच्या महादेवीअक्कांच्या घरात कानडी. गुलबर्ग्याहून तुरीचा व्यापारी येतो तो दखनी उर्दू बोलतो, आणि औरादकडचे सोयरे आले तर त्यांच्या बोलण्यात तेलुगू डोकावते. अप्पा चौथी शिकलेले. पण दारात माणूस उभा राहिला की त्याचं पागोटं, टोपी, चालणं एका नजरेत बघून ते त्याच्या बोलीत 'बसा' म्हणतात. कानडी माणसाला कूडरी, दखनी बोलणाऱ्याला बैठो जी, तेलुगू सोयऱ्यांना कूर्चोंडी. पाहुण्याला बसायला सांगताना त्याला आपल्या बोलीत यायला लावणं म्हणजे उन्हातून आलेल्याला विहिरीवर जाऊन पाणी शेंदून घे म्हणण्यासारखं, असं त्यांचं मत. रेणू याच उंबऱ्यात वाढलेली. एवढा चांगला गुण अंगात मुरला असताना कंपनीचा नियम किती दिवस टिकणार?

तिनं पोलिश शिकायला घेतलं. दळण टिपताना, न्हाणीतून बाहेर येताना, कानात ती वायर घालून पुटपुटत राहायची. पोरगी हुशार. तूर पिवळी पडेपर्यंत तिला पुष्कळ यायला लागलं. मग दानूता अडली, की रेणू हळूच पोलिशमध्ये विचारायची, हे म्हणायचंय का? दानूताचा चेहरा खुलायचा, ती मान डोलवायची, आणि रेणू इंग्रजी शब्द तिच्या हातावर ठेवायची. पुढं पुढं विचारायचीही गरज उरली नाही. दानूताची बोटं वर गेली की रेणूला कळायचंच, की हिला कोणता शब्द हवाय. तास कसे पळायला लागले. रात्रपाळीनं थकलेली ती बाई तास संपताना ताजीतवानी दिसायची. कंपनीकडं ती रेणूचं इतकं कौतुक लिहून पाठवायची, की त्यांनी रेणूला शाबासकीचा निरोप धाडला.

त्या दुपारी मला आजही जशाच्या तशा दिसतात. लिंबाची सावली सरकत बाजेच्या पायाशी आलेली. दानूता आपल्या स्वयंपाकघरातल्या बरण्या दाखवतेय, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्यांच्या. मी घरात जाऊन लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून तिला दाखवली. भाषा एक नाही, पण लोणचं मुरल्याशिवाय उघडू नये यावर आमचं एकमत. एकदा तिनं सांगितलं, की नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं मोठं जेवण असतं आणि त्या जेवणात एक ताट जास्तीचं मांडतात. अचानक कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. रेणूनं अप्पांना सांगितलं तेव्हा ते उठून बसले. "म्हंजे आपलीच माणसं की ही," म्हणाले. मग थोड्या वेळानं विचारलं, "तिच्या घरी ताटं किती असत्यात?" दानूता म्हणाली, दोन. एक माझं आणि एक ते जास्तीचं.

त्या साली येळवस नाताळच्या आगंमागंच आली. येळवस म्हणजे येळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण. दिवाळीला न येणारी माणसं येळवसेला येतात. कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोप करायची, आत पाच पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मडक्यातलं आंबील शेताच्या चारी बाजूंनी शिंपडत फिरायचं. शिंपडताना अप्पा मोठ्यानं हाका घालतात. हाका जुन्या कानडीतल्या, त्यांचा अर्थ घरात कुणालाच नीट येत नाही, पण त्या घालायच्याच. आणि बांधावरून जो कुणी जाईल त्याला ओढून आणून जेवू घालायचं. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं, त्या दिवशी कुणी चूल पेटवून घरी बसायचं नाही.

त्या दिवशी तास नव्हता, तरी रेणूनं दानूताला लावलं. कोप दाखवली, दगड दाखवले, भज्जीचं पातेलं दाखवलं. दानूता तिकडं स्वयंपाकघरात उभी, कमरेला कापड बांधलेलं, काहीतरी तळत होती. तेवढ्यात अप्पा आले. हात धुतले, धोतराला पुसले, मोबाईलसमोर वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "जेन दोब्री. प्रोशे शादाच."

नमस्कार, बसा. रेणूला गाठून त्यांनी ते गुपचूप पाठ केलं होतं. दानूतानं हातातला झारा खाली ठेवला. मागची खुर्ची ओढली आणि खरंच बसली. मग तिनं तोंडावर हात धरला, आणि आम्हाला तिचे नुसते खांदे हलताना दिसले. अप्पा घाबरले. "रडायलीय व्हय? मी काय वंगाळ बोललो का?" रेणू म्हणाली, "न्हाई अप्पा, लई चांगलं बोललाव." त्या दिवशी आम्ही सगळे फार खूष होतो. अप्पा जेवताना म्हणत होते, आयर्लंडला गेली की तिला कळवा, बाळंतविड्याला आपली तूरडाळ धाडू. बाजारात तुरी म्हणतात, तसं आमचं चाललं होतं.

परीक्षा झाली तेव्हा तूर काढून झालेली, तुराट्यांच्या पेंढ्या वळचणीला लागलेल्या. निकालाच्या दिवशी रेणू लिंबाखालून उठेना. फोन आला. दानूता खूप वेळ बोलली, सगळं पोलिशमध्ये. रेणू नुसतं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. वाचण्यात दानूताला उत्तम गुण होते. लिहिण्यातही होते. बोलण्यात ती नापास झाली. परीक्षक बाई चांगली होती, हसतमुख होती. तिनं विचारलं, तुम्हाला अवघड गेलेला एखादा निर्णय सांगा. दानूतानं आपला गाव सोडण्याचंच सांगायला घेतलं. निम्म्यावर आली आणि थांबली. हात वर गेला. शब्द जवळच होता, जिभेच्या टोकाशी. 'ती माझ्याकडं बघत होती, रेणू, आणि मी तिच्या तोंडाकडं,' दानूता म्हणाली होती. 'मला वाटलं, आता देईल.' तिनं दिला नाही. देणार कशी? मग पुढच्या प्रश्नाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. सगळी परीक्षा दानूता एका परक्या बाईच्या तोंडाकडं आशेनं बघत बसली.

दानूता रेणूला एक अक्षर वाकडं बोलली नाही. उलट तूच मला हिंमत दिलीस म्हणाली. पण लेकरू चुकून जिन्यावरून पडावं आणि आईनं डोकं धरून बसावं, तशी रेणू बसली होती. "वैनी, तिला तो शब्द येत व्हता. सगळे येत व्हते. मीच रोज तिच्या आधी बोलून बसायची."

त्या क्षणी मला माझंच कानडी आठवलं. इतकी वर्षं झाली मला या गावात. कानडी सगळं समजतं. महादेवीअक्का अंगणात कुणाशी काय कुजबुजतात तेही समजतं. बोलता मात्र येत नाही. येणार कसं? पहिलं वाक्य मी मनात जुळवायच्या आत समोरची बाई मराठीत आलेली असते. नवी सून बिचारी, तिला कशाला तरास, म्हणून सगळं गाव माझ्यासाठी मराठीत आलं, आणि मी त्या मायेत इतकी सुखानं बसले की उठलेच नाही. माझं त्यात काही अडलं नाही. नवरा इथं, नोकरी मराठी शाळेत, पोटचं लेकरू माझ्याशी मराठीत बोलतं. दानूताचं अडलं.

अप्पांना समजावून सांगायला रेणूला फार जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तुराटीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग विचारलं, "म्हंजे, पावण्याच्या बोलीत बोललो ते चुकलं व्हय?"

हो म्हणावं तर त्या माणसाचं उभं आयुष्य चुकलं म्हणावं लागतं. नाही म्हणावं तर ती बाई तिकडं दोन ताटं मांडून बसलेली दिसते. मला कधी कधी त्या रीतीचा राग येतो. मनात म्हणते, एवढा पान्हा काय कामाचा. पण रीतीवर रागावले की अप्पांचा तो मोबाईलसमोर वाकलेला चेहरा पुढं येतो, आणि राग कुठं ठेवावा ते कळत नाही. खंत, हळहळ, रुखरुख. त्या दुपारी तोऱ्यात सांगितलेले शब्द सगळे माझ्याकडं आहेत, आणि यातला एकही पुरत नाही. दानूताचा तो एकच शब्द, झाल, बरा म्हणायचा.

तिनं पुन्हा परीक्षा दिली. दुसऱ्या कुणाकडं शिकून, कडक बाईकडं. पुन्हा तिथंच अडली. तोवर दवाखान्यातली ती जागा दुसऱ्या नर्सला गेली, खोलीही गेली. बाळ झालं. दानूता चार दिवस जाऊन आली, लेकीच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपून आली. मग गुडघे धरले. मग निवृत्ती. आता मी कुठं जाते, असं ती रेणूला साध्या सुरात सांगते, आणि साधं म्हणूनच ते ऐकवत नाही.

रेणूनं ते काम सोडलं. आता ती गुलबर्ग्यात एका शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवते, आणि फार चांगली शिकवते असं सगळे सांगतात. मी एकदा तिच्या वर्गात मागं जाऊन बसले होते. एक मुलगी उभी राहिली, वाक्य निम्म्यावर आलं आणि अडली. ती रेणूच्या तोंडाकडं बघायला लागली. रेणू हात बांधून उभी. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी त्या मुलीनं शब्द शोधला, बोलली, बसली. रेणूच्या वर्गातली मुलं पास होतात. माझ्या मनात आलं, की आपली रेणू अशी नव्हती, आणि अशी झाली हे बरंच झालं. दोन्ही गोष्टी एकदमच वाटल्या.

त्याहून वाईट वाटतं ते अप्पांचं. हल्ली दारात कुणी आलं, की ते क्षणभर थांबतात. पूर्वी माणूस अंगणात असतानाच 'बसा' त्याच्या कानावर गेलेलं असायचं. आता ते आधी त्याच्या तोंडाकडं बघतात, जणू विचारतात, तुझ्या बोलीत बोलू का? माझ्यामुळं तुझं काही बिघडणार नाही ना? मग अगदी हळू म्हणतात, कूडरी. येणाऱ्याला यातलं काही कळत नाही. तो बसतो, पाणी पितो, तुरीचा भाव विचारतो.

या वर्षी येळवसेला रेणू घरी आली. आंबील शिंपडून झालं, माणसं जेवून पांगली, आणि उन्हं कलल्यावर आम्ही तिघं लिंबाखाली टेकलो. दानूताचा फोन आला. अधूनमधून येतो तसा. पण आज पडद्यावर दोन चौकोन होते. एकात दानूता, आता केस पुरते पांढरे झालेले. दुसऱ्यात तिची नात, चारेक वर्षांची, नाकावर कसला तरी रंग. लेक कामावर गेली होती आणि जावयानं मुलीला फोनसमोर बसवलं होतं. दानूतानं रेणूला घेतलं होतं ते मदतीला. पोरगी इंग्रजीच बोलते, आणि आजीला ते पुरतं कळत नाही. 'रिलक्टंट' कळतो, 'मेटिक्युलस' कळतो. पण चिखलात पचापचा उड्या मारणं, बुटाला गुदगुल्या होणं, शेंबडाचा फुगा, हे शब्द त्या वरच्या इयत्तेत कुठं होते? रेणू ऐकायची आणि दानूताला पोलिशमध्ये सांगायची. पोलंडमधल्या आजीला तिच्या सख्ख्या नातीचं बोलणं आमच्या तुरीच्या शेतातून समजत होतं. आजी हसायची, पण नात सांगून संपल्यावर, जरा उशिरा.

मग त्या पोरीनं पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणलं आणि काहीतरी विचारलं. वाक्य सोपं होतं. मलाही समजलं.

अप्पांनी हळूच विचारलं, "काय म्हणायलंय लेकरू?"

"आमच्या घरला ऱ्हायला कवा यीनार, म्हणायलंय," रेणू पुटपुटली.

तिनं दानूताला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायची गरज नव्हती, दानूताला प्रश्न कळला होता. तिचा हात थोडा वर आला. आम्ही तिघंही तिच्याकडं बघत होतो, आणि तिला हवा तो शब्द आमच्यातल्या कुणाकडंच नव्हता. तिनं हात खाली घेतला. आमच्याकडं बघितलं नाही, नातीकडं बघितलं.

"नेक्स्ट इयर," ती म्हणाली, कुठंही न अडखळता.